आधी पुसा, मग बिल्ला

शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही दोघांनी जिना पुसला.

आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं. दर आठवड्याला एकेकाच्या दारावर एक लाकडी पाटी येते, तिच्यावर केअरवोखं, म्हणजे झाडायचा आठवडा, असं लिहिलेलं. पाटी तुमच्या दारावर, म्हणजे तो आठवडा जिना, खालचं दार आणि समोरचा फुटपाथ तुमच्या अंगावर. काम झालं की रविवारी सकाळी पाटी पुढच्या दाराला नेऊन अडकवायची. स्टुटगार्टच्या बाजूला हा प्रकार फार कडक पाळतात. नवीन आलेली पोरं कुरकुर करतात. माझ्या बायकोला, शालनला, पहिल्या दिवसापासून आवडला. केर आपल्यातही काढतातच, म्हणाली, इथं निदान पाळी ठरलेली आहे. आमच्यानंतरची पाळी शेजारच्या फ्राउ केलरची. ऐंशीची बाई, एकटी राहते. तिची पाळी झाली की शालन तिचे कोपरे बघायची आणि आमच्याकडून जिना ताब्यात घेताना केलरबाई आमचे बघायची. तीस वर्षं दोघी एकमेकींचे कोपरे बघत आल्या.

त्या दिवशी मी वरून झाडत खाली येत होतो आणि शालन माझ्या मागून पायरीवर बसून ओल्या फडक्यानं पुसत येत होती. घरात मॉप आहे, मुलानं आणून दिलेला, पिळायच्या बादलीसकट. पण मॉप कोपरा सोडतो असं तिचं मत. गुडघे गेले होते म्हणून बसून पुसायची. वरची पायरी झाली की खालच्या पायरीवर सरकायची, लहान मूल जिना उतरतं तशी.

"अहो, कोपरा राहिला," ती वरून म्हणाली.

"कोपऱ्यात कोण जातंय?"

"केर जातोय."

मी चार पायऱ्या परत चढलो आणि कोपरा काढला. आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम ते.

इथल्या मराठी मंडळाचा अंक निघतो. त्याच्या संपादक बाई भेटायला आल्या होत्या, म्हणाल्या, काका, काकूंवर चार पानं लिहून द्या. त्यांना वाटलं असेल मी तिच्या अनारशांवर लिहीन, प्रेमळ स्वभावावर लिहीन. अनारसे तिला कधी जमले नाहीत. प्रेमळ होती, पण ते समोरच्याला कळायला दोन-चार वर्षं लागायची. मी सातवीपर्यंत शिकलो, ती चौथीपर्यंत. तेव्हा बोलतो तसंच लिहितो, आणि तिच्या खिडकीबद्दल लिहितो. कारण शालन म्हणजे ती खिडकी होती. आणि त्या खिडकीवर पंचवीस वर्षं कुणी ना कुणी टपून होतं.

मी पिंपरीला मशीन बनवणाऱ्या कारखान्यात स्क्रेपिंग करायचो. मशीनच्या बेडला निळा रंग लावायचा, वर पट्टी फिरवायची, जिथं उंचवटा दिसेल तिथून केसाएवढं लोखंड हातानं खरवडायचं. त्या कंपनीचे जर्मन भागीदार एकदा बघायला आले, त्यांना माझा हात आवडला, एका वर्षासाठी म्हणून इकडं बोलावलं. ते वर्ष अजून चालू आहे. दोन वर्षांनी शालन आली, कडेवर संदीप. तो बालवाडीत जायला लागल्यावर ती माझ्याच कारखान्यात झाडलोट करायला लागली. मग हत्यारांच्या खोलीतला म्हातारा वागनर निवृत्तीला आला, आणि त्यानं साहेबाला सांगितलं की माझ्या जागेवर ही बाई बसवा. साहेब म्हणाला, तिला तर जर्मन येत नाही. वागनर म्हणाला, हत्यारांनाही येत नाही.

वागनरनं तिला सहा महिने शिकवलं. काम असं. तीन नंबरच्या हॉलच्या भिंतीला एक खिडकी, आत खोली, खोलीभर हुक आणि खण. पाने, ड्रिल, रीमर, मायक्रोमीटर. प्रत्येक कामगाराला दहा पितळी बिल्ले, त्यावर त्याचा नंबर ठोकलेला. हत्यार हवं असेल तर खिडकीत बिल्ला द्यायचा. ती हत्यार काढून देणार आणि त्या रिकाम्या हुकावर बिल्ला लटकवणार. हत्यार परत आणलं की बिल्ला परत. हुकांकडे एक नजर टाकली की काय कुणाकडे आहे ते कळायचं. एवढंच. याला कागद नाही, वही नाही.

यात शालननं आपल्या पदरचा एकच नियम घातला. हत्यार पुसून आणायचं. तेलकट, बुरादा लागलेलं हत्यार तिनं कधी आत घेतलं नाही. खिडकीबाहेर खिळ्याला फडकं टांगलेलं असायचं. माणूस कितीही घाईत असो, ती हाताची घडी घालून म्हणायची, आधी पुसा, मग बिल्ला. जर्मनमध्ये म्हणायची, पण सूर आपल्याकडच्या शाळेतल्या बाईंचा. एकदा एरोल नावाचा तुर्की मिलिंगवाला, आमचा दोस्त, वैतागून म्हणाला, फ्राउ शिंदे, उद्या हेच हत्यार मीच घेऊन जाणार आहे, मग पुसून काय उपयोग. ती म्हणाली, उद्या तू आजारी पडलास तर? पुढच्याच्या हातात आपली घाण द्यायची नाही. एरोल पुसत बसला. पुढं तोच नवीन पोरांना दम द्यायचा, पुसून जा, नाहीतर बाई बिल्ला देत नाही.

त्या टपलेल्यांतला पहिला माणूस आला तो कामाची जपानी पद्धत घेऊन. स्वतः जर्मनच होता, श्वार्त्स नाव, पण चार दिवस जपानला जाऊन आला होता. त्याचं म्हणणं प्रत्येक वस्तूला जागा पाहिजे आणि प्रत्येक वस्तू जागेवर पाहिजे. महिनाभर त्यानं हॉलमध्ये पिवळी पट्टी चिकटवली. कचरापेटीभोवती चौकोन, खुर्चीभोवती चौकोन. मी खाली वाकून पाय खाजवला तरी वाटायचं की आता माझ्याभोवती मारतोय. शेवटी तो शालनच्या खोलीत शिरला, हुकांच्या रांगा बघितल्या. मग त्यानं फोटो काढले. ते फोटो पुढं त्याच्या पुस्तिकेत छापून आले, 'आमच्या पद्धतीनंतर' असं खाली लिहून. आधीचा फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी खोलीचा होता.

पण फोटो काढून झाल्यावर त्यानं लाल चिठ्ठ्या काढल्या. वर्षभरात जे वापरलं नाही त्याला लाल चिठ्ठी, आणि महिन्याभरात ते भंगारात. माझी दोन मीटरची बिडाची पट्टी तिच्या खोलीत आडवी पडलेली असायची. मोठी मशीन दुरुस्तीला आली तरच लागणारी, दोन-तीन वर्षांतून एकदा. श्वार्त्सनं तिला पहिली चिठ्ठी लावली. मी खिडकीत जाऊन बोंब मारली तर शालन म्हणाली, जेवायला जा, थंड होईल.

जेवून आलो तर पट्टीवरची चिठ्ठी गायब. ती दाराजवळच्या सूचनापेटीवर होती. ही पेटी आधीच्या साहेबाच्या काळातली. कामगारांनी सूचना द्याव्यात म्हणून भिंतीला ठोकलेली, आणि तिची किल्ली हरवून सहा वर्षं झाली होती. श्वार्त्स विचारायला आला. शालन त्याला शांतपणे म्हणाली, नियम तुमचाच आहे, वर्षभरात कुणी उघडली असेल तर सांगा. पेटी फोडली. आत तेवीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या निम्म्या संडासातल्या दिव्याबद्दल होत्या. दिवा तेव्हाही बंदच होता. श्वार्त्स खरं तर वाईट माणूस नव्हता. त्यानं स्वतः जाऊन दिवा बदलून आणला, आणि पट्टीचा विषय परत काढला नाही.

श्वार्त्स गेला, मग दुसरे आले, मग तिसरे. सगळ्यांची नावं मला आठवत नाहीत. एकानं आमच्या पाठीमागं घड्याळ लावून उभं राहून पावलं मोजली. एकानं फळांची टोपली ठेवली आणि पाणी प्यायचा नळ काढला. प्रत्येक जण आधीच्याची पाटी काढून आपली लावायचा. शालनला मी विचारायचो, आता कोण आलंय? ती म्हणायची, गणवेश बदललाय, शाळा तीच आहे.

मग टोबियास आला. हा मोठा साहेब, आधी बुटांच्या कंपनीत होता. पोरगेला, हसतमुख, पांढरे बूट. त्याला कंपनीच्या पुस्तिकेसाठी हातात मायक्रोमीटर घेऊन फोटो काढायचा होता. खिडकीवर आला. बिल्ला नव्हता. शालननं त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं, हुकाला लावलं आणि मायक्रोमीटर दिला. फोटो झाल्यावर त्यानं तो सेक्रेटरीबरोबर परत पाठवला, त्यावर बोटांचे ठसे. शालननं परत पाठवला. संध्याकाळी साहेब घरी निघाला तर कार्डाशिवाय फाटक उघडेना. आला धावत. खिशातला रुमाल काढून पुसायला लागला. ती म्हणाली, रुमालानं नाही, ओरखडे पडतात, ते फडकं घ्या. अख्खी पाळी सुटायच्या वेळेला उभी राहून बघत होती. पुसून झाल्यावर तिनं मायक्रोमीटर उजेडात धरला, बघितला, आणि कार्ड दिलं. सगळ्यांना वाटलं आता हिची नोकरी गेली. टोबियास हसला. हसून गेला, तेच मला जास्त धोक्याचं वाटलं.

त्यानं सकाळच्या उभ्यानं बैठका चालू केल्या. रोज सातला फळ्यासमोर गोल करून उभं राहायचं, पंधरा मिनिटं, आणि प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या. शालनची पाळी आली की ती म्हणायची, काल हत्यारं दिली. आज हत्यारं देणार. अडचण ही बैठक. कारण सात ते सव्वासात खिडकी बंद आणि चाळीस माणसं हत्याराविना. टोबियासनं हे फार मनावर घेतलं. पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि अडचणींच्या रकान्यात लावलं. म्हणाला, प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद. ती चिठ्ठी तिथं दीड वर्ष होती. डिंक सुटून खाली पडली की शालनच उचलून सेलोटेपनं परत लावायची.

सगळ्यात मोठी गंमत झाली ती एकेरीच्या वेळेला. टोबियासनं जाहीर केलं की उद्यापासून कंपनीत सगळे एकमेकांना 'डू' म्हणणार. अरे-तुरे, आणि पहिल्या नावानं हाक. साहेबालाही. त्याच्या सरावासाठी एक बाई आणली, रंगीत ओढणीवाली, आणि आम्हाला खुर्च्या गोल मांडून बसवलं. प्रत्येकानं शेजारच्याकडे बघून त्याच्या नावानं हाक मारायची आणि त्याच्याबद्दल एक चांगलं बोलायचं. शालनच्या शेजारी कोण? मी.

तिनं माझं नाव नुसतं असं जन्मात घेतलं नव्हतं. घरात अहो, माणसांत संदीपचे पप्पा, कारखान्यात तीनशे सतरा, माझा बिल्ल्याचा नंबर. तिनं हाताची घडी घातली. बाई म्हणाल्या, घाबरू नकोस, हे सुरक्षित वर्तुळ आहे. शालन मला मराठीत म्हणाली, "अहो, हिला सांगा, मी नवऱ्याचं नाव घेत नाही." मी सांगितलं. बाईंचे डोळे मोठे झाले. त्यांना वाटलं मी तिला मारतो की काय. मी घाईनं सांगितलं की तसं नाही, आमच्यात नाव घेतात, पण नुसतं नाही, कवितेत घेतात. बाई म्हणाल्या, मग कवितेत घे.

शालन उठली. पदर नव्हता, निळा ओव्हरऑल होता, त्याची कॉलर नीट केली. खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली,

"हुकावर बिल्ला, बिल्ल्यावर नंबर,
दत्तोबांचं नाव घेते, कसून कंबर."

लग्नात घेतलं होतं त्यानंतर तेच. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. एरोलनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी अर्थ सांगितला. बाईंनी घाईघाईनं वहीत लिहून घेतलं. आणि पुढच्या सोमवारी फळ्यावर हुकूम लागला, तीन नंबर हॉलमध्ये आता रोजच्या बैठकीत प्रत्येक जण शेजाऱ्याचं नाव दोन ओळींच्या कवितेत घेईल, संघभावनेसाठी. दोन आठवडे सहा-सहा फुटी माणसं ड्रिल मशीनवर यमकं जुळवत होती. एरोलला शेजारच्या 'युर्गन'ला यमक सापडेना म्हणून त्याला झोप लागत नव्हती. उत्पादन पडलं तेव्हा ते बंद झालं. शालन म्हणाली, आपल्यात लग्नात एकदाच असतं ते बरंय.

साहेबाला मात्र ती शेवटपर्यंत हेर टोबियास म्हणाली. म्हणजे आपल्याकडं टोबियासराव म्हटल्यासारखं. ज्याचं पोट आपल्या हातात नाही आणि आपलं ज्याच्या हातात आहे, त्याला अरे म्हणून तो आपला होत नाही, असं तिचं म्हणणं. हे मात्र ती घरी बोलायची, तिथं नाही.

तिचं खरंच होतं. वर्षभरात त्याच हसऱ्या तोंडानं टोबियासनं सांगितलं की खिडकी बंद होणार. तिथं मशीन येणार. काचेचं कपाट, पडदा, कार्ड लावलं की खण उघडतो, हत्यार घ्या, परत टाका, दिवसरात्र चालू. दाखवायला दोन माणसं आली होती. सगळा हॉल गोळा झाला. त्यांनी अर्धा तास सांगितलं. मग म्हणाले, काही प्रश्न?

शालननं हात वर केला. "पुसलंय का ते याला कळतं का?"

त्या दोघांतला एक म्हणाला, पुढच्या आवृत्तीत विचार करू.

घरी आल्यावर मी खूप बडबडलो. युनियनकडे जाऊ म्हटलं, लढू म्हटलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, लढून खिडकी राहील, पण मला तिथं बसू देतील ते दया म्हणून. मला तसं नको. एवढंच बोलली. रात्रीच्या भाकऱ्या मात्र त्या दिवशी सगळ्या करपल्या, आणि आम्ही दोघांनी त्या तशाच खाल्ल्या.

शेवटच्या आठवड्यात तिनं एक काम केलं जे कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे बिल्ले गोळा करून तिच्याकडं दिले होते, भंगारात घालायला. तिनं सगळी हत्यारं परत मागवली, पुसून, आणि एकेकाच्या मशीनपाशी जाऊन त्याचे बिल्ले त्याच्या हातात दिले. सगळ्या पाळ्या मिळून एकशेचाळीस माणसं. दुखऱ्या गुडघ्यांनी चार दिवस फिरत होती. प्रत्येक हुक रिकामा नाही, तर भरलेला पाहिजे होता तिला. पुढच्याच्या ताब्यात देताना एकही वस्तू बाहेर नको. पुढचा कोण, तर काचेचं कपाट. तरी. शुक्रवारी चार वाजता तिनं खिडकीची चौकट पुसली, बाहेरचं फडकं धुऊन वाळत घातलं आणि शटर ओढलं. टोबियासनं कंपनीच्या स्वयंपाकघरात ब्रेत्सेल, म्हणजे इथला खारा पीळदार पाव, आणि निरोपाचं गुलाबी पाकीट ठेवलं होतं. त्यानं तिला भाषणात 'शालन' म्हटलं. तिनं आभार मानले, "डांके, हेर टोबियास."

मला तिनं माझे नऊच बिल्ले दिले. दहावा ठेवून घेतला. म्हणाली, दहा-अकराचा पाना तुमच्याकडं आहे, संदीपची सायकल जोडायला नेला होता. पाना घरात कुठंतरी आहे, मला सापडला नाही. तो बिल्ला स्वयंपाकघरात चहाच्या डब्यावरच्या खिळ्याला अजून लटकतोय.

मग काय झालं ते सांगतो, मी आणखी दोन वर्षं तिथं होतो. पहिले तीन महिने कपाट झकास चाललं. मग खण चिकटायला लागले. लोक तेलकट हत्यार तसंच आत टाकायचे. कोण बघतंय? पुढचा माणूस ते काढायचा, शिव्या द्यायचा, आणि आपण वापरून झालं की तसंच टाकायचा. मग चांगली हत्यारं ज्यानं त्यानं आपल्या कपाटात लपवायला सुरुवात केली. एरोलनंही लपवली, त्यानं मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून. पडद्यावर सगळं हिरवं दिसायचं आणि हातात काही मिळायचं नाही. खिडकीपाशी माणसं दोन मिनिटं थांबायची, कुणाची बायको बाळंत झाली, कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे, तिथं कळायचं. काचेच्या कपाटापाशी कोण थांबणार? युर्गनचा भाऊ वारला ते मला पंधरा दिवसांनी कळलं. पाठीला पाठ लावून काम करायचो आम्ही.

शेवटी कंपनीनं शालनला बोलावलं, एका दिवसासाठी, अनुभवी तज्ज्ञ म्हणून. ती हिरवी इरकल नेसून गेली, वरून जाड कोट. तीन माणसं लॅपटॉप उघडून बसली होती. त्यांनी विचारलं, तुमच्या मते उपाय काय? ती म्हणाली, खिडकी उघडा आणि माणूस बसवा. त्यांनी लिहून घेतलं. महिन्याभरानं हॉलमध्ये मोठे फलक लागले, 'उघडी खिडकी', खाली हसणारी माणसं. मनमोकळं बोला अशी मोहीम. जिथं खरी खिडकी होती तिथं भिंत लिंपून त्यावरच एक फलक लावला. मी तिला मोबाईलवर फोटो दाखवला. ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, निदान अर्धं तरी ऐकलं.

आमचा संदीप वोल्फ्सबुर्गला असतो आणि पोटापाण्याला हेच करतो. लोकांना फळ्यासमोर उभं करून चिठ्ठ्या लावायला शिकवतो. आम्हाला ज्यांनी पिडलं त्यातला एक आमच्याच घरात जन्मला, असं मी त्याच्या तोंडावर म्हणतो. तो म्हणतो, जा जा, पप्पा, तुम्हाला कळत नाही. नात जर्मनमध्ये हसते. एका ख्रिसमसला त्यानं आईच्या फ्रिजवर तीन रकाने केले, करायचं, चालू आहे, झालं. म्हणाला, बघ आई, डोक्यावरचा भार कमी होतो. शालननं दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या झालं मध्ये नेऊन लावल्या. एक मात्र करायचं मध्ये ठेवली. मोठ्या अक्षरात, संदीपनं फोन करणे. ती चिठ्ठी तिथंच आहे. हल्ली तो रोज फोन करतो.

नोकरी सुटल्यावर तिनं सगळा जीव या जिन्यात घातला असं म्हणायला हरकत नाही. पाटी आमच्या दारावर आली की शुक्रवारपासून तिची तयारी. मी म्हणायचो, अगं, केलरबाई काय नोकरीवरून काढणार आहे का तुला? ती म्हणायची, म्हणूनच नीट करायचं. कुणी बघायला नाही तेव्हाच कळतं.

त्या शनिवारी जिना झाल्यावर तिनं फडकं धुऊन रेडिएटरवर टाकलं. चहा केला. बाहेर बर्फ पडून गेला होता, रस्त्यावर मीठ आणि बारीक खडी. साडेपाचला खुर्चीत बसली, म्हणाली, जरा छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, खिडकी उघडा. मी उघडली. वळून बघितलं तेवढ्यात सगळं आटोपलं होतं. अँब्युलन्सवाले दहा मिनिटांत आले, त्यांच्या मागून डॉक्टर, मग तासादोन तासांनी तिला न्यायला दोन माणसं. चांगली वागली सगळी. संदीपला मी फोनवर सांगितलं की अंधारात बर्फातून गाडी हाणू नकोस, सकाळच्या ट्रेननं ये. तो रडत होता. मी रडलो नाही. मला नुसता फ्रिजचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी सातला मी दार उघडलं. पाटी आमच्या दारावर होती. आणि जिना बघितला. बर्फाचा चिखल, मीठ, खडी, चार-पाच माणसांच्या जड बुटांचे ठसे, वर येणारे आणि खाली जाणारे. खाली जाणाऱ्यांची पावलं एका बाजूला सरकत गेली होती, ओझं घेऊन उतरल्यासारखी. आमच्या दारापासून खालच्या दारापर्यंत.

मी आत गेलो. रेडिएटरवरचं फडकं वाळलं होतं. ते घेतलं, बादलीत कोमट पाणी घेतलं, झाडू घेतला. वरून झाडत खाली गेलो. मग परत वर येऊन पायरीवर बसलो आणि पुसायला लागलो, तिच्यासारखं, एकेक पायरी खाली सरकत. माझेही गुडघे काही धड नाहीत. पाऊण तास लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोपऱ्यात खडी अडकली होती, ती नखानं काढली. खालचं दार पुसलं. समोरचा फुटपाथ झाडला. पाणी टाकून आलो.

मग पाटी काढली आणि शेजारी नेली. खिळ्याला लावणार तोच दार उघडलं. केलरबाई गाऊनवर, डोळे सुजलेले. रात्री तिनं सगळं ऐकलं असणार. म्हणाली, हेर शिंदे, हे काय करताय, राहू द्या, हा आठवडा मी केला असता, तुम्हाला कोण काय म्हणणार आहे.

मी म्हणालो, "पुसलंय. कोपरेसुद्धा."

ती जिन्यापर्यंत आली. कठड्याला धरून वाकली आणि कोपरे बघितले. वरचा बघितला, वळणावरचा बघितला. वेळ लावून बघितले. मग मागं फिरली, आपल्या दारापाशी आली आणि मान डोलावली.

मी पाटी तिच्या खिळ्याला अडकवली.